मावळा एक इंच, मग रायगड किती?

दिवाळीचा किल्ला मुलांनी करावा आणि वडिलांनी दुरून पाहावा, हे मला पटते. जमत मात्र नाही. गेल्या खेपेस मी तटबंदी ‘सुधारली’, तेव्हा चिरंजीव हात धुऊन घरात गेले ते पुन्हा फिरकलेच नाहीत. (प्लास्टरचा तयार किल्ला आणणाऱ्यांना ही अडचण नाही!) यंदा मी फक्त फूटपट्टी दिली. बाजारातला मावळा महादरवाजाहून उंच निघाला. “हा आत कसा जाणार?” मग हिशेब मांडला : सहा फुटी माणूस एक इंचाचा, म्हणजे प्रमाण १:७२. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० फूट; म्हणजे आमचा किल्ला साडेसदतीस फुटांचा! आमची दुमजली चाळही तेवढी नाही. चिरंजीव जरा वेळ गप्प होते.

“बाबा, नुसता एक बुरूज करू. पण माती मीच लिंपणार.”