यंत्रबुद्धीची मैदानावर कसोटी

संगणकाच्या बुद्धीविषयीचे दावे निबंधात मांडणे सोपे. ते सर्वांसमक्ष सिद्ध करणे कठीण. १९९७ च्या मे महिन्यात ‘डीप ब्ल्यू’ संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला नमविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जपानमधील नागोया येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कृत्रिम बुद्धिमत्ता परिषदेच्या जोडीने यंत्रमानवांच्या फुटबॉलचे पहिले ‘रोबोकप’ सामने झाले. बुद्धिबळात सर्व सोंगट्या दृष्टीस पडतात आणि चालीगणिक विचारास अवधी मिळतो. मैदानावर मात्र चेंडू धावत असतो, प्रतिस्पर्धी आड येतो व निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो. या शतकाच्या मध्यापर्यंत मानवी जगज्जेत्या संघास हरविण्याचे संयोजकांचे उद्दिष्ट आहे. ते साधो वा न साधो, यंत्राच्या सामर्थ्याबरोबर त्याच्या मर्यादाही प्रेक्षकांसमोर उघड होतात, हेच अशा प्रात्यक्षिकांचे खरे मोल होय.