चिखलवाट, पिकअप गाडी आणि टायरची निवड

पैठण तालुक्यातील मोसंबीच्या आंबे बहाराचा माल भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास तोडणीस येतो. नेमक्या याच दिवसांत गोदाकाठची काळी जमीन पावसाने पुरती भिजलेली असते. सिल्लोड तालुक्यात हिरव्या मिरचीची तोडणी तर भर पावसाळ्यातच चालते. हा माल तोडल्यानंतर बांधावर पडून राहू शकत नाही; त्यास त्याच दिवशी बाजाराची वाट धरावी लागते. परंतु बाग आणि डांबरी सडक यांच्यामध्ये अर्ध्या-पाऊण मैलाची पाणंद असते. माल भरून निघालेली पिकअप गाडी तेथे रुतली, की ट्रॅक्टर आणून ती ओढून काढीपर्यंत दिवस मावळतो, माल कोमेजतो आणि दुसऱ्या दिवशी भाव पडून हातात येतो.

अशी अडचण दोन-तीन वेळा सोसल्यावर गाडीधारक शेतकरी टायरच्या दुकानात जातो आणि “चिखलात चालणारे, पण पुष्कळ टिकणारे” टायर मागतो. ही मागणी साहजिक असली, तरी तिच्यातील दोन अपेक्षा एकमेकींशी झगडणाऱ्या आहेत. जो टायर चिखलात उत्तम पकड घेतो, तो डांबरी सडकेवर लवकर झिजतो. म्हणून टायर विकत घेण्यापूर्वी आपली गाडी वर्षभरात कोणत्या वाटेने किती चालते, याचा हिशेब करणे ही निवडीची पहिली पायरी होय.

काळ्या मातीचा स्वभाव

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील काळी जमीन बेसॉल्ट नावाच्या काळ्या खडकापासून बनलेली आहे. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. त्यामुळे उन्हाळ्यात या जमिनीस मोठमोठ्या भेगा पडतात व ती दगडासारखी कठीण होते. तेव्हा कोणताही टायर तिच्यावरून सुखाने जातो. पावसाळ्यात मात्र तीच माती मऊ, निसरडी आणि कमालीची चिकट बनते.

वाळूत किंवा मुरमाड रानात उपयोगी पडणारे उपाय या मातीत जसेच्या तसे लागू पडत नाहीत. काळा चिखल टायरच्या नक्षीत भरून बसतो. नक्षी एकदा भरली म्हणजे खोल खाचांचा महागडा टायरही गुळगुळीत टायरप्रमाणे घसरू लागतो. खाचा रुंद असल्या तर चाक फिरताना त्यांतील चिखल काही प्रमाणात बाहेर फेकला जातो. अरुंद खाचा असलेल्या टायरमध्ये तो घट्ट चिकटून राहतो. चिखलाचा टायर पारखताना खाचांच्या खोलीइतकेच त्यांच्या रुंदीकडेही लक्ष द्यावे, ते यासाठीच.

नक्षीचे तीन प्रकार

पहिला प्रकार ‘रिब’ टायरचा. यावर परिघास समांतर अशा सरळ रेषा असतात. डांबरी सडकेवर हा टायर सरळ चालतो, कमी तापतो आणि अधिक दिवस टिकतो; चिखलात मात्र त्याची पकड अगदी थोडी.

दुसरा प्रकार चिखलाच्या टायरचा. यावर रबराचे मोठे, सुटे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद, खोल खाचा असतात. याची चिखलातील पकड सर्वांत चांगली. परंतु सडकेवर गाडीचा सारा भार त्या थोड्या ठोकळ्यांवर पडतो. ठोकळे हलतात, तापतात आणि त्यांच्या कडा एकसारख्या न झिजता उंचसखल होतात. आवाज वाढतो, डिझेल अधिक लागते, आणि पाण्याने ओल्या झालेल्या डांबरी सडकेवर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागू शकते.

तिसरा प्रकार मिश्र नक्षीचा. याचे ठोकळे मध्यम आकाराचे व एकमेकांस जवळ असतात. चिखलात तो दुसऱ्या प्रकाराइतका समर्थ नसतो, तरी सडक, मुरूम आणि थोडा चिखल अशा तिन्ही वाटा तो बऱ्यापैकी पार पाडतो.

आपल्या वाटेचा हिशेब

पैठण परिसरातून छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात माल नेणाऱ्या गाडीचे उदाहरण घेऊ. तिला एका खेपेस सुमारे पन्नास किलोमीटर सडक कापावी लागते. पाणंद जेमतेम एक किलोमीटर असते, आणि तीही पावसाळ्याचे काही आठवडेच चिखलाची. म्हणजे पन्नास किलोमीटर टायर झिजवावयाचा तो एका किलोमीटरच्या सोयीसाठी. अशा गाडीस चारही चाकांना चिखलाचे टायर बसविणे तोट्याचे ठरते. याउलट जी गाडी शेत, शेततळे व वस्ती यांच्यामध्येच फिरते आणि सडकेवर क्वचित जाते, तिला तेच टायर योग्य होत.

बहुतेक पिकअप गाड्यांत इंजिनची ओढ मागील चाकांकडे असते. त्यामुळे मागे मिश्र किंवा आडव्या ठोकळ्यांची नक्षी व पुढे रिब नक्षी, अशी जोडणी पुष्कळ ठिकाणी सोयीची पडते. मात्र एकाच आसाच्या दोन्ही चाकांना एकाच मापाचे, एकाच बनावटीचे व एकाच नक्षीचे टायर असावेत. रेडियल आणि साधा टायर यांची एका आसावर जोडी लावणे धोक्याचे आहे.

किमतीची तुलनाही दुकानातील आकड्यावरून न करता दर किलोमीटरवर करावी. समजा, एक टायर ९,००० रुपयांस मिळाला व ६०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १५ पैसे पडले. दुसरा १२,००० रुपयांचा टायर त्याच वाटेवर ४०,००० किलोमीटर चालला, तर ३० पैसे पडले. हे आकडे केवळ रीत दाखविण्यासाठी आहेत. प्रत्येकाने टायर बसविल्याची तारीख व मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवला, तर दुसऱ्या वेळी त्यास कोणाच्याही सल्ल्याची गरज उरणार नाही.

टायरवरील अक्षरे वाचावीत

टायरच्या कडेवर ‘२३५/७५ आर १५’ अशा प्रकारची खूण असते. यातील २३५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ७५ टक्के. ‘आर’ म्हणजे रेडियल. आणि १५ हा रिमचा व्यास इंचांत होय. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले माप सोडून मोठा टायर बसवू नये.

मापापुढे भाराचा निर्देशांक असतो. ११० हा आकडा एका टायरला १,०६० किलोपर्यंत भार सोसतो असे सांगतो. मालवाहू गाडीस हा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीच नसावा. नक्षी आकर्षक, पण भार सोसण्याची ताकद कमी, असा टायर भरल्या गाडीखाली तापतो व फुटतो.

कडेवरील चार अंकी आकडा टायर बनल्याचा आठवडा व वर्ष दाखवितो. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालातील तेविसावा आठवडा. रबर न वापरताही जुने होते. म्हणून वर्षानुवर्षे दुकानात पडलेला टायर सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. भारतीय मानक चिन्हही पाहून घ्यावे.

टिकाऊपणा हवेत आहे

उत्तम टायरही हवेच्या हयगयीने लवकर संपतो. हवा कमी असल्यास टायरच्या दोन्ही बाजू झिजतात. जास्त असल्यास मधला पट्टा झिजतो. एकच बाजू झिजत असेल तर चाकांची सरळ जुळणी बिघडलेली असते. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. पुढील व मागील चाकांची नक्षी एकच असेल, तर सुमारे दहा हजार किलोमीटरनंतर त्यांची अदलाबदल करावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली, की टायर बदललाच पाहिजे.

आपल्या भागातील दोन शत्रू विशेष आहेत. पहिला, पऱ्हाटी व तूर कापल्यावर राहणारी धसकटे. ती खिळ्याप्रमाणे टायरच्या कडेत शिरतात, आणि कडेचे भोक पंक्चर काढून खात्रीचे दुरुस्त होत नाही. अशा रानात गाडी घालूच नये. दुसरा, रिमच्या आतील बाजूस वाळून बसलेला चिखल. त्याने चाकाचा तोल जातो, गाडी थरथरते आणि टायर ठिकठिकाणी झिजतो. चिखलातून आल्यावर चाके आतूनही धुवावीत.

चिखलात उतरताना

टायरमधील हवेचा दाब आणि जमिनीवर पडणारा दाब साधारणपणे सारखे असतात. एका चाकावर ८०० किलो भार व टायरमध्ये ६० पौंड हवा असेल, तर टायर सुमारे ३० चौरस इंच जमिनीवर टेकतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरमध्ये हवा याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असते. त्यामुळे त्याचा भार रुंद जागेवर पसरतो. ज्या ओल्या रानातून ट्रॅक्टर निघतो तेथे पिकअप रुतते, याचे एक मोठे कारण हे आहे.

यास्तव पहिला उपाय भार कमी करण्याचा. निम्मा माल घेऊन दोन खेपांत सडकेपर्यंत आणावा, किंवा क्रेट बैलगाडीने वा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने बाहेर आणून सडकेवर पिकअप भरावी. गाडी हलकी असतानाच हवा काही पौंडांनी उतरवावी, अगदी सावकाश चालावे आणि सडकेस लागताच हवा पुन्हा भरावी. पूर्ण भरलेल्या गाडीची हवा उतरविणे म्हणजे टायरचा नाश होय. चाक जागच्या जागी फिरू लागले तर वेग न वाढविता थांबावे. प्रत्येक फेऱ्याबरोबर चाक आणखी खोल जाते. ओल्या बागेत गाडी फिरविल्याने जमीन दाबली जाऊन मुळांना हवा मिळेनाशी होते, हे नुकसान तर टायरच्या खर्चाहून मोठे.

सडकेवर चढण्यापूर्वी चाकांचा चिखल काढणे हे शेजारधर्माचे काम आहे. त्या चिखलावरून दुचाकीस्वार घसरून पडतात.

पाणंदीचे काम सर्वांचे

एकेका शेतकऱ्याने महाग टायर घेत राहण्यापेक्षा दहा जणांनी मिळून पाणंद सुधारणे अधिक किफायतीचे. रस्ता मध्ये उंच, दोन्ही बाजूंस पाण्याला वाट आणि वर दाबलेला मुरूम, एवढे झाले तरी बहुतेक खेपा साध्या टायरने पार पडतात. या कामासाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना हाती घेतली होती. बांधावरून वाट मिळण्याचा वाद असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृग नक्षत्रापूर्वी गाडीधारकांची एक बैठक घ्यावी. प्रत्येक गाडीच्या टायरची नक्षी, हवा व बनल्याची तारीख पाहावी, आणि त्याच बैठकीत सर्वांनी मिळून पाणंदीवरून पायी फेरी मारून पाणी कोठे साचते त्या जागा हेराव्यात. तेथील पाण्यास पावसापूर्वी वाट करून दिली, तर आश्विनातली मोसंबी त्याच दिवशी जाधववाडीस पोहोचेल.