मुले नानीकडे, जोडपे जहाजावर : सुट्टीतली क्रूझ निवडताना

केनवड (ता. रिसोड) : समुद्र वाशीम जिल्ह्यापासून लांब असला तरी जहाज आपल्या घरांना अगदीच परके नाही. ज्या घरातले वडीलधारे जुन्या काळी हजला गेले, तिथे साबू सिद्दीक मुसाफिरखाना, बंदरावरची गर्दी आणि जिद्द्यापर्यंतचे पाण्यावरचे दिवस यांच्या गोष्टी अजून निघतात. मुंबई-जिद्दा हज जहाज 1995 पासून बंद झाले. आता जहाज पुन्हा दारात आले आहे ते सहलीच्या जाहिरातीतून, आणि छोटे दुकानदार व कारागीरही त्याची चौकशी करू लागले आहेत.

चौकशी बहुधा सुट्टीतल्या तारखांचीच असते. शाळा चालू असताना घरची बाई घर सोडू शकत नाही. डबा, शिकवणी, परीक्षा तिच्याच माथी. मुले नानीकडे गेली की नवरा-बायकोला चार दिवस मोकळे मिळतात. पण सगळ्या महाराष्ट्राची मुले त्याच वेळी मोकळी असतात, म्हणून जहाजाचे भाडेही तेव्हाच चढते. त्यामुळे जहाज कोणते, यापेक्षा आठवडा कोणता, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

त्यात धंद्याचे कॅलेंडर वेगळेच. शिंपी आणि कापडवाल्याला मे महिना लग्नसराईचा. कूलर व मोटार दुरुस्तीवाल्याला उन्हाळा हीच कमाई. किराणा आणि भुसारवाल्याला दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनचा पैसा बाजारात आलेला असतो, तेव्हा शटर ओढणे म्हणजे गिऱ्हाईक शेजाऱ्याच्या हवाली करणे. गादी-रजईवाल्याचा हंगाम थंडीचा, म्हणून मे त्याला सोयीचा. ईदचाही हिशेब धरावा. चांद्रवर्षामुळे ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. बकरी ईद 2024 मध्ये 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला.

मुंबईहून सप्टेंबर 2021 पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ जहाज फिरू लागले. 1990 साली बांधलेले हे अकरा मजली जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करत आले आहे. फेऱ्या हंगामागणिक बदलतात. मेमध्येच जायचे असेल तर पहिला पंधरवडा धरावा. दुसऱ्या पंधरवड्यात अरबी समुद्राचा भरवसा नाही. 17 मे 2021 रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेले तेव्हा समुद्रातला पी-305 हा तराफा बुडून अनेक कामगार दगावले. सहलीचे जहाज वादळाची सूचना मिळताच मार्ग बदलते किंवा फेरी रद्द करते. पण दुकान बंद करून निघालेल्याचे दिवस तर गेलेच.

विदर्भवाल्यांच्या हाती मात्र एक जास्तीचा आठवडा आहे, आणि त्याचा विचार फारसे कुणी करत नाही. राज्यातल्या इतर शाळा जूनच्या मध्याला उघडतात; आपल्याकडच्या उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात. मधल्या दिवसांत पुण्या-मुंबईची मुले वर्गात परतलेली असतात, लग्नसराई संपलेली असते, शेतकरी पेरणीला लागल्यामुळे कापडाच्या दुकानात शुकशुकाट असतो. (कृषी केंद्रवाल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) त्या वेळी पश्चिम किनारा खवळलेला असतो, पण ‘एम्प्रेस’ पावसाळ्यात चेन्नईकडे गेलेले आहे. 2022 च्या जूनमध्ये ते तिथून निघाले, आणि जून 2023 मध्ये चेन्नईहून श्रीलंकेची फेरी सुरू झाली. अकोल्याहून नवजीवन एक्सप्रेस थेट चेन्नईला जाते. मात्र जहाज त्या वर्षी खरोखर चेन्नईला असणार आहे का, हे आधी विचारून घ्यावे, आणि श्रीलंकेसाठी पासपोर्ट लागतो हे विसरू नये. आमच्या मते शिंपी आणि कापडवाल्या जोडप्याला याहून बरा आठवडा सापडणार नाही.

आता पैशाचे. जाहिरातीतला आकडा माणशी असतो आणि एका खोलीत दोघे धरून असतो. समजा माणशी 20,000 लिहिले आहे. म्हणजे जोडप्याचे 40,000. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क आणि जीएसटी चढतात. अकोल्याहून जाण्या-येण्याचे रेल्वेभाडे आणि बंदराच्या शहरातला एक मुक्काम वेगळा. विदर्भ आणि अमरावती एक्सप्रेस सकाळी मुंबईत पोचतात खऱ्या, पण गाडी रखडली तर जहाज थांबत नाही. एक दिवस आधी पोचावे. मुंबईचे नवे क्रूझ टर्मिनल इंदिरा गोदीत आहे, सप्टेंबर 2025 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तिकिटावर कोणता धक्का लिहिला आहे ते वाचूनच टॅक्सी करावी.

जहाजावर रोख चालत नाही. खोलीचे कार्डच दाखवायचे आणि उतरताना बिल भरायचे. नेहमीच्या भोजनगृहातले जेवण भाड्यात असते. खास हॉटेले, इंटरनेट, बंदरावरची सहल यांचे पैसे निराळे. किनारा सुटला की आपला मोबाइल बंद पडतो किंवा जहाजाच्या नेटवर्कवर महाग रोमिंग लागते. ज्यांची उधारी फोनवर चालते त्यांनी हे आधीच व्यापाऱ्यांना कळवून ठेवावे.

खोलीबाबत आमचे मत स्पष्ट आहे. रात्री कमी घ्या, पण खोली बरी घ्या. आतली खोली स्वस्त, पण तिला खिडकी नसते. सुट्टीत डेकवर आणि तरणतलावावर मुलांचा गोंगाट असणार, तेव्हा जोडप्याला निवांतपणा मिळेल तो स्वतःच्या खिडकीशी. खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्यभागी मागितली तर हेलकावे कमी जाणवतात. दोन रात्रींच्या फेरीत प्रत्यक्षात एकच पूर्ण दिवस हाती लागतो, हेही मोजून घ्यावे.

जेवणाचा प्रश्न आपल्याला येणारच. मांस हलाल आहे का, हे एजंटला तोंडी न विचारता कंपनीकडून लेखी घ्यावे. उत्तर गोलमोल आले तर मासे आणि शाकाहार हाताशी आहेच. सिंगापूरहून फिरणाऱ्या ‘गेंटिंग ड्रीम’ जहाजाने हलाल प्रमाणपत्र मिळवलेले आहे, पण तो खर्च निराळ्या पायरीचा. जहाजावर बार आणि कॅसिनोही असतो. खोली देताना त्यांच्यापासून लांबची मागता येते.

लक्षद्वीपची फेरी मनात भरण्याजोगी आहे. वस्ती बहुतेक सगळी मुस्लिम, बंगारम बेट वगळता दारूबंदी, धंदा नारळ, काथ्या आणि टूना माशाचा. पण तिथे मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. लहान होडीतून उतरावे लागते आणि लाटा असतील तर उतरणे रद्द होते. गुडघेदुखी असलेल्यांनी विचार करावा. चोवीस आठवड्यांपुढच्या गरोदर बाईला जहाज कंपन्या घेत नाहीत.

ज्यांनी कधी बोटीत पाऊलच ठेवलेले नाही त्यांनी आधी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट करून पाहावी. मार्च 2020 पासून चालू झालेली ही बोट साधारण तासाभरात पलीकडे नेते. मळमळ होते की नाही, ते तेवढ्यात कळते.