गिटारवरील सुरांचा ओघ

वाद्य शिकावयास निघालेल्या माणसाची पहिली निराशा बहुधा एकाच जागी होते. बोटे पडद्यांवर पडू लागतात, ओळखीचे सूर निघू लागतात. पण एकामागून एक ते नुसते टपटप पडतात, त्यांची ओळ होत नाही. ऐकलेल्या वादनात जो ओघ असतो, तो आपल्या हातून का येत नाही याचा उलगडा होत नाही, आणि 'आपल्या हातात ही कला नाही' असा निकाल माणूस स्वतःच देऊन मोकळा होतो. गिटारच्या बाबतीत हे फार घडते. हे वाद्य आज गावोगावच्या घरांतून दिसते. त्यांतील कितीतरी वाद्ये खुंटीला टांगलेली असतात. ज्यांनी ती हौसेने विकत आणली, त्यांपैकी पुष्कळांना हाताने दगा दिलेला नसतो; शिकण्याचा क्रम चुकलेला असतो, असे आमचे मत आहे. म्हणून गिटारवर एकेक सूर काढून जे एकलवादन करतात, ज्याला सोलो म्हणण्याचा प्रघात आहे, त्यातील ओघ कशाने निर्माण होतो आणि नवशिक्याने तो कोणत्या क्रमाने साधावा, याचा विचार येथे करू.

वाद्याचा स्वभाव

बासरीचा सूर श्वास असेतो टिकतो, व्हायोलिनचा गज फिरत असेतो. गिटारची तार मात्र एकदा छेडली की त्या क्षणापासून तिचा आवाज उतरू लागतो. म्हणजे अखंड सूर असा या वाद्यावर नाहीच. जो ओघ आपणांस ऐकू येतो, तो एक गोड भास असतो. मागचा सूर विरण्यापूर्वी पुढचा सूर त्याच्या जागी येऊन उभा राहिला, तर कान मधला सांधा विसरतो. मध्ये क्षणभर पोकळी राहिली, तर तोच सांधा डोळ्यांत भरावा तसा कानात भरतो.

ही अडचण आपल्याला परकी नाही. आपली सतारही छेडूनच वाजते. उस्ताद विलायतखाँ (1928–2004) यांच्या सतारीला गायकी अंगाची सतार म्हणतात, ते एका आघातावर तार ओढून अनेक सूर गळ्यासारखे जोडण्याच्या त्यांच्या हातोटीमुळे. गिटारवरही हाच प्रश्न निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळ्या रीतीने सोडवला. ब्रिजभूषण काब्रा (1937–2018) यांनी गिटार आडवी धरून, तारेवरून धातूची कांडी फिरवून हिंदुस्थानी राग वाजवले. 'कॉल ऑफ द व्हॅली' या 1967 सालच्या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचा संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे. कांडीमुळे पडद्यांचा अडसर राहत नाही आणि मींड मोकळी होते.

अमेरिकेत वेगळा मार्ग निघाला. तेथील मोठ्या वाद्यवृंदांत गिटारचे काम बहुधा ताल धरण्याचे असे. तुताऱ्यांच्या गर्दीत तिचा एकटा सूर ऐकू येणेच कठीण. 1936 साली गिब्सन कंपनीने विजेवर आवाज वाढवता येईल अशी ईएस-150 ही गिटार बाजारात आणली. 1939 साली चार्ली ख्रिश्चन हा तरुण अशी गिटार घेऊन बेनी गुडमन यांच्या संचात दाखल झाला. लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाचे वादन त्याने कानात साठवले होते, आणि फुंकून वाजवण्याच्या वाद्याला शोभाव्या अशा लांब ओळी तो तारेवर काढी. 1942 साली, अवघ्या पंचविशीत, तो वारला. पुढच्या जॅझ गिटारवादकांवर त्याचा ठसा कायम राहिला.

ओघ तुटतो कोठे

आता आपल्या हाताकडे वळू. नवशिक्या एक बोट उचलतो आणि मग दुसरे ठेवतो. या 'उचलणे' आणि 'ठेवणे' यांमध्ये जो पळभराचा अवकाश जातो, त्यातच ओघ बुडतो. उपाय एका वाक्यात सांगता येईल: पुढचे बोट जागेवर पोहोचेपर्यंत मागचे बोट जागा सोडीत नाही. शिडीवर चढणारा माणूस वरच्या पायरीवर पाय टेकल्याशिवाय खालचा उचलीत नाही, तसेच हे आहे. चढताना मागचे बोट तारेवर तसेच राहू द्यावे. उतरताना खालच्या सुराचे बोट आधीच तारेवर ठेवून मग वरचे उचलावे.

दुसरी चूक जोराची. बोट पडद्याच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे ठेवले तर थोड्या दाबाने सूर स्वच्छ निघतो; दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवले तर दुप्पट दाबूनही तो खरखरतो. किती दाब पुरे याची परीक्षा सोपी आहे. सूर वाजता ठेवून बोट हळूहळू सैल करावे. तार खरखरू लागली की किंचित दाब वाढवावा. तेवढाच दाब हवा. जास्तीचा दाब बोटे जड करतो, आणि जड बोटे वेळेवर पोहोचत नाहीत.

पाच सुरांचे अंगण

सगळी दांडी एकदम पाठ करण्याचा हव्यास धरू नये. पाच सूर पुरे आहेत. आपला भूप राग पाच सुरांचा. त्याच्या धैवताला षड्ज मानून तेच सूर घेतले की सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे धानीचे सूर मिळतात. पाश्चात्त्य गिटारवादक जिला मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात, ती सुरावट हीच. तेव्हा मराठी कानाला हे घर नवे नाही, केवळ दार निराळे आहे.

नेहमीप्रमाणे जुळवलेल्या गिटारवर सर्वांत जाड, म्हणजे सहाव्या तारेच्या पाचव्या पडद्याला षड्ज मानावे. त्याच तारेवर आठव्या पडद्याला कोमल ग. पाचव्या तारेवर 5 ला म, 7 ला प. चौथीवर 5 ला कोमल नि, 7 ला वरचा सा. तिसरीवर 5 ला कोमल ग, 7 ला म. दुसरीवर 5 ला प, 8 ला कोमल नि. पहिलीवर 5 ला तार षड्ज आणि 8 ला कोमल ग. असे बारा सूर झाले. पाचव्या पडद्यावर नेहमी पहिले बोट, सातव्यावर तिसरे, आठव्यावर करंगळी. हात जागचा हलत नाही.

पाचव्याच पडद्यापासून का, असे कोणी विचारील. सुमारे 65 सेंटिमीटर तारेच्या गिटारवर पहिल्या पडद्याचे घर साडेतीन सेंटिमीटरांहून रुंद असते, तर पाचव्याचे तिनाहून किंचित कमी. नव्या हाताला तेथे ताण कमी पडतो, एवढेच त्याचे कारण.

जोडकामाचा क्रम

पहिल्या आठवड्यात एकच तार घ्यावी, तिसरी. पाचव्या व सातव्या पडद्यावरचे दोनच सूर, सावकाश, आलटून पालटून वाजवावेत, आणि मधला सांधा कानाने तपासावा. दोन सूर जोडता आले नाहीत, तर बारा सूर जोडता येणार नाहीत.

त्यानंतर नखीचे, म्हणजे गिटारवाले जिला पिक म्हणतात तिचे, काम कमी करावे. पाचव्या पडद्याचा सूर नखीने छेडावा आणि तिसरे बोट वरून सातव्या पडद्यावर नेमके आपटावे. नखी न लावताही सूर वाजतो. याला हॅमर-ऑन म्हणतात. उलट जाताना तिसरे बोट उचलता उचलता तारेला हलकेच खेचावे. खाली ठेवलेल्या पहिल्या बोटाचा सूर बोलतो. हे पुल-ऑफ, सतारीवरील कृंतनाचेच भावंड. तार न सोडता बोट एका पडद्यावरून दुसऱ्यावर सरकवले की आपली घसीट झाली. प्रत्येक सुराला नखीचा आघात दिला तर प्रत्येक सुराच्या आरंभी टोक येते. दोन सुरांत एकच आघात दिला की निम्मी टोके गळतात. ओघाचे निम्मे रहस्य यात आहे.

मींड सर्वांत शेवटी. तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्याचा म घेऊन, तिसऱ्या बोटामागे पहिली दोन बोटेही लावून, तार वरच्या बाजूस ढकलावी. सूर चढत पंचमापर्यंत जातो. तो खरोखर पोहोचला की नाही हे शेजारीच ताडून पाहता येते: दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर तोच पंचम तयार आहे. आधी तो वाजवून कानात धरावा, मग ढकलावे. अर्धवट चढलेली मींड बेसुर गाण्याइतकीच कानाला बोचते.

तार बदलण्याची जागा ही खरी कसोटी. तेथे डाव्या हाताचे बोट आणि उजव्या हातातील नखी दोन्ही एकाच क्षणी नव्या तारेवर पोहोचली पाहिजेत. म्हणून नखीचा फेरा लहान ठेवावा, आणि एकदा खाली, एकदा वर असा तिचा क्रम मोडू नये. जी तार वाजवावयाची नाही, ती हाताच्या कडेने हलकेच झाकून ठेवावी. नाहीतर मागच्या सुरांची गुणगुण पुढच्या ओळीत मिसळते.

वेगाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. मेट्रोनोम मिनिटाला 60 ठोक्यांवर लावावा आणि एका ठोक्यात दोन सूर घ्यावेत. बारा सूर चढण्यास सहा सेकंद लागतील. हे गोगलगाईचे चालणे वाटेल. पण या गतीत सांधे लपत नाहीत. सलग तीन दिवस निर्दोष वाजले की ठोके चारांनी वाढवावेत, चुकले की चारांनी उतरावे. रोज वीस मिनिटे पुरेत; रविवारी तीन तास बसून आठवडा भरून निघत नाही.

श्वास आणि विसावा

येथवर हाताचे झाले. पण बारा सूर वर-खाली सफाईने वाजले म्हणजे एकलवादन झाले असे नव्हे. ती मुळाक्षरे झाली. बोलण्याला वाक्य लागते, आणि वाक्याला विराम. फुंकून वाजवणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो, म्हणून त्याच्या ओळी आपोआप सुटतात. गिटारवाल्याची बोटे न थांबता चालू शकतात, हीच त्याची आपत्ती. त्यावर उपाय असा: चार-पाच सुरांची ओळ आधी तोंडाने गुणगुणावी, मग वाजवावी, आणि तेवढाच वेळ गप्प राहावे. जे गाता येत नाही ते वाजवू नये. बी. बी. किंग (1925–2015) गाताना गिटार वाजवीत नसत. गाण्याची ओळ संपली की गिटार तिला उत्तर देई. त्यांचे सूर मोजके, पण प्रत्येकाला जागा आणि आंदोलन लाभलेले. सुरांच्या संख्येवर ओघ अवलंबून नाही, हे त्यांचे वादन ऐकताच पटते.

ओळ संपावी कोठे, हाही विचार हवा. त्यांच्या ब्लूज प्रकारात चार-चार मात्रांचे बारा विभाग, म्हणजे 48 मात्रांचे आवर्तन असते. साथीची गिटार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांची जुडी, धरीत जाते: पहिले चार विभाग षड्जाची, दोन मध्यमाची, दोन पुन्हा षड्जाची, मग एक पंचमाची, एक मध्यमाची, आणि शेवटचे दोन षड्जाची. ज्या सुराची जुडी चालू असेल त्या सुरावर ओळ टेकवावी. रागात न्यासस्वर असतो, तसाच हा. एवढ्या एका नियमाने तुटक वाटणाऱ्या ओळी परस्परांशी बोलू लागतात.

उशीर झाला काय?

शेवटी, येथे जमलेल्या प्रौढ मंडळींच्या मनातला प्रश्न. वेस माँटगोमेरी (1923–1968) याने सहा तारांची गिटार विशीच्या सुमारास हाती घेतली. चार्ली ख्रिश्चनचे वादन तबकडीवर ऐकून, कानानेच, त्याने ते सूर बसवले. स्वरलिपी त्याला वाचता येत नसे. संसार चालवण्यासाठी दिवसा नोकरी आणि रात्री वादन असे त्याने अनेक वर्षे काढले, आणि नखी टाकून नुसत्या अंगठ्याने तो वाजवू लागला. जँगो राइनहार्ट (1910–1953) याचा डावा हात 1928 सालच्या आगीत भाजला आणि शेवटची दोन बोटे आखडली. पुढे उरलेल्या दोन बोटांवर त्याने जे एकलवादन उभे केले, ते युरोपभर गाजले. ही असामान्य माणसे होती हे खरे. पण त्यांच्या उदाहरणावरून एवढे तरी दिसते की, अमुक वय, अमुक बोटे, अमुक शिक्षण असल्यावाचून वाट बंद, असे या वाद्याने म्हटलेले नाही.

आपणांपैकी बहुतेकांना व्यासपीठावर वाजवावयाचे नाही. परंतु गावात गाणे ऐकणारे पुष्कळ आणि स्वतः वाजवणारे बोटांवर मोजण्याइतके, ही स्थिती काही भूषणावह नाही. जो स्वतः दोन सूर जोडण्यासाठी महिनाभर झटला, तो दुसऱ्याची मींड निराळ्याच कानाने ऐकतो. त्याला पदरात पडते ती हीच मिळकत, आणि ती लहान नाही. तेव्हा ज्यांची गिटार खुंटीला आहे, त्यांनी ती खाली उतरवावी, तारा जुळवाव्यात, आणि तिसऱ्या तारेवरचे दोन सूर घेऊन बसावे. मधली पोकळी ज्या दिवशी बुजेल, त्या दिवशी ओघ सुरू झाला असे समजावे.