एम.ए. अर्थशास्त्रात नेमकं शिकवतात तरी काय?

अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलामुलींना पाहुणे हमखास दोन प्रश्न विचारतात: बाजार कधी वर जाणार, आणि यंदाचं बजेट कसं वाटलं? दोन्हींचं धड उत्तर त्यांना देता येत नाही आणि घरच्यांचा चेहरा उतरतो. फी कशासाठी भरली मग? पण यात मुलांचा दोष नाही. पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या वर्गात चालू घडामोडींना फार थोडी जागा असते. पहिल्या सत्रात फळ्यावर जे दिसतं ते बव्हंशी गणित असतं.

पूर्वी असं नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठातून एम.ए. केलं आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी. मिळवली. तो प्रबंध आज उघडला तर चलनाचा इतिहास, सरकारी अहवाल, आकड्यांचे तक्ते आणि धारदार युक्तिवाद दिसतो. समीकरणं शोधूनही फारशी सापडायची नाहीत. त्या काळी या विषयाचं उच्च शिक्षण असंच असे. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. पॉल सॅम्युअलसनचा आर्थिक विश्लेषणाच्या पायाविषयीचा ग्रंथ १९४७ मध्ये आला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गणित ही या विषयाची बोलीभाषाच होऊन बसली. कारण साधं होतं. शब्दांत मांडलेल्या युक्तिवादात एखादं गृहीतक गुपचूप शिरलं तर पकडणं अवघड जातं. समीकरणात ते लिहावंच लागतं.

ही भाषा वर्गात कशी वापरतात हे बघायला लासलगावचा कांदा पुरेसा आहे.

बी.ए.ला मागणीची एक रेघ, पुरवठ्याची एक रेघ, दोन्ही छेदतात तिथे भाव ठरतो, एवढं लिहिलं की गुण मिळतात. एम.ए.ला पुढचा प्रश्न येतो: त्या छेदबिंदूपर्यंत बाजार पोचतो कसा, आणि पोचतोच कशावरून? कांद्याचं रोप टाकण्यापासून काढणीपर्यंत पाचएक महिने जातात. म्हणजे लागवडीचा निर्णय जुन्या भावाकडे बघून होतो आणि माल नव्या भावाला विकला जातो. हे समीकरणात घालू. समजा, मागणी = ६० वजा आजचा भाव. पुरवठा = १५ अधिक गेल्या हंगामातल्या भावाच्या निम्मे. दोन्ही बाजू जुळवल्या तर भाव ३० रुपये किलो येतो. एका वर्षी गारपिटीने भाव ४० झाला. ते बघून पुढच्या हंगामाला ३५ एकक माल आला. तेवढा खपायचा तर भाव २५ वर उतरायला हवा. २५ बघून शेतकऱ्यांनी हात आखडला, माल आला साडेसत्तावीस, भाव चढला साडेबत्तीसवर. मग २८.७५. दर वेळी ३० पासूनचं अंतर निम्मं होतं आणि बाजू बदलते. दोनचार वर्षांत बाजार जागेवर येतो.

आता त्या ‘निम्मे’मध्ये फेरफार करा. पुरवठा गेल्या हंगामातल्या भावाइतकाच धरला तर भाव ४०, २०, ४०, २० असा कायम झुलत राहतो. पुरवठा = भावाची १.२ पट वजा ६ धरला तर समतोल तोच, ३०. पण ४० नंतर १८, मग ४४.४, आणि झोके वाढतच जातात. मागणीची रेघ तीच, छेदबिंदू तोच, निकाल तीन. पुरवठ्याची भावाला मिळणारी प्रतिक्रिया मागणीच्या प्रतिक्रियेपेक्षा कमी असेल तरच बाजार शांत होतो, ही अट विद्यार्थ्याला स्वतः काढून दाखवावी लागते. याला कोबवेब मॉडेल म्हणतात. पहिल्या सत्रातलं गणित बव्हंशी याच जातीचं असतं: कलन, मॅट्रिक्स, डिफरन्स इक्वेशन. यापलीकडचं अघोरी काही नसतं, पण सराव लागतो.

इथे एखादा नाशिककडचा विद्यार्थी हात वर करतो: सर, शेतकरी एवढा खुळा आहे का? दर वर्षी फसूनही गेल्याच वर्षीचा भाव धरून बसेल? हीच हरकत जॉन म्यूथ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये घेतली. माणसं हाताशी असलेली सगळी माहिती वापरून पुढचा अंदाज बांधतात आणि त्यांचा अंदाज त्याच त्या दिशेने वारंवार चुकत नाही, असं धरलं तर कोबवेबचा खेळच मोडतो. हा विचार पुढे रॉबर्ट लुकासने मॅक्रोमध्ये, म्हणजे संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासात, नेला. १९७६ च्या त्याच्या लेखाचा आशय असा: जुन्या आकड्यांवरून काढलेलं नातं धोरण बदलल्यावर टिकेल याची खात्री नाही, कारण धोरण बदललं की माणसांचे अंदाजही बदलतात.

हे लेक्चर अमेरिकेतल्या महागाईची उदाहरणं देऊन शिकवतात. मला विचाराल तर आपल्याकडे त्याची गरज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती अटींसह उघडली. भाव चढले की निर्यात अडते हे ज्याने पाहिलं, तो शेतकरी पुढच्या वेळी चढ्या भावाकडे पूर्वीच्याच नजरेने बघेल का? जुन्या वीस वर्षांच्या आकड्यांवरून ‘भाव दहा टक्के वाढला की लागवड इतकी वाढते’ असं सांगणारा अहवाल तिथेच कच्चा पडतो. लुकास समजायला लासलगावचा निफाड तालुका पुरतो.

मॅक्रोचा दुसरा मोठा भाग म्हणजे काळाच्या ओघात घ्यायचे निर्णय: आज खर्च करायचा की उद्यासाठी राखायचं. फ्रँक रॅमसेने १९२८ मध्ये हा प्रश्न देशाच्या बचतीबद्दल मांडला. कांद्याच्या चाळीत तो दर उन्हाळ्यात सुटतो. एप्रिलमध्ये निघालेला उन्हाळ कांदा चाळीत भरला, तर समजा सप्टेंबरपर्यंत सड, मोड आणि वजनातली घट धरून १०० किलोचे ७० उरतात. आज भाव १५ रुपये, म्हणजे आज विकून १,५०० रुपये. सप्टेंबरात ७० किलोचे तेवढेच यायचे तर भाव निदान २१ रुपये ४३ पैसे हवा. सोसायटीच्या कर्जाचं व्याज धरलं तर त्याहून वर. शिवाय सगळा माल एकदम थोडाच विकायचा असतो? दर महिन्याला थोडा काढायचा, थोडा ठेवायचा, आणि पुढचा भाव तर कुणालाच ठाऊक नाही. शेतकरी हे बोटांवर मोजतो. विद्यार्थी तेच बेलमन समीकरणात लिहितो: आज विकून मिळणारं, अधिक उरलेल्या मालाची उद्याची अपेक्षित किंमत. एकदा हे जमलं की पेन्शन, शिक्षणावरचा खर्च, सरकारी कर्ज यांची मॉडेल्स ओळखीची वाटायला लागतात. हाडं तीच असतात.

इथवर सगळं ‘समजा’वर चाललं. ते ‘निम्मे’ की ‘एक पूर्णांक दोन दशांश’, हे कोण सांगणार? त्यासाठी बाजार आणि मॅक्रो यांनंतरचा तिसरा विषय, इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकड्यांवरून अशी नाती मोजण्याचं शास्त्र. माझ्या मते एम.ए.ची फी वसूल होते ती इथे.

लासलगावची रोजची आवक आणि भाव ॲगमार्कनेटच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. नवा विद्यार्थी काय करतो? आकडे उतरवतो, आवक एका अक्षावर, भाव दुसऱ्या अक्षावर, मधून संगणकाने सरळ रेघ ओढतो आणि खाली लिहितो, ‘मागणी वक्र’. मग त्याला विचारतात: ही रेघ मागणीचीच कशावरून? प्रत्येक ठिपका म्हणजे त्या दिवसाच्या दोन रेघांचा छेद. दोन्ही रेघा रोज हलत होत्या. मग ठिपक्यांतून ओढलेली रेघ ना मागणीची, ना पुरवठ्याची.

सुटका एकच: फक्त पुरवठा हलवणारी आणि मागणीला न शिवणारी गोष्ट शोधायची. निफाडला गारपीट झाली म्हणून दिल्लीतल्या घरात कांदा कमी आवडू लागत नाही. गारपिटीने पुरवठ्याची रेघ सरकते, मागणीची जागेवर राहते, आणि आवक-भावातला गारपिटीमुळे झालेला तेवढाच बदल वेगळा काढला की मागणीची रेघ उमटते. अशा गोष्टीला इन्स्ट्रुमेंट म्हणतात. ही युक्ती फिलिप राइटने तेलांवरच्या आयातकराच्या पुस्तकाच्या परिशिष्टात मांडली, तीही १९२८ मध्येच. रॅमसे आणि राइट यांचं एकच साल पडावं हा योगायोग; पण ते वर्ष या विषयाला चांगलंच लाभलं.

खरं भांडण पुढे आहे. काढणीच्या वेळी पाऊस-गारा झाल्या की कांदा ओला आणि डागी येतो आणि व्यापारी त्याला भाव कमी देतात. म्हणजे गारपीट मागणीलाही शिवली. मग काढणीच्या आधीचा, रोपांच्या वेळचा पाऊस घ्यावा का? की चाळीतला जुना साठा त्याचा परिणाम पुसून टाकतो? सेमिनारमध्ये अशा एका मुद्द्यावर तास जातो. सॉफ्टवेअरला हे ठरवता येत नाही. स्टाटा असो की फुकट मिळणारं आर, दिलेल्या आकड्यांतून ते रेघ ओढूनच देतं. शेती, बाजार, चाळ यांची माहिती असलेलं माणूसच सांगू शकतं की रेघ खोटी आहे. म्हणून गणितात थोडा मागे असलेला पण बाजार समितीत वाढलेला विद्यार्थी तिसऱ्या सत्रात अचानक पुढे जाऊ शकतो.

कधी कधी कायदाच प्रयोग घडवून देतो. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींच्या प्रमुखपदांपैकी एक तृतीयांश पदं स्त्रियांसाठी राखीव झाली. स्त्री प्रमुख असल्याने कामं बदलतात का? आरक्षणाशिवाय निवडून आलेल्या स्त्रियांची गावं बघून उपयोग नाही. ती गावं मुळातच वेगळी असू शकतात. पण कुठलं गाव राखीव होईल हे जवळपास सोडतीसारखं ठरत असेल तर तुलना सरळ होते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर हे जिल्हे घेऊन ती केली. २००४ मध्ये लेख आला. राखीव गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. रस्त्यांचं मात्र बीरभूममध्ये वाढलं आणि उदयपुरात घटलं, कारण दोन्हीकडच्या बायकांच्या तक्रारीच तशा वेगवेगळ्या होत्या. दुफ्लोंना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं.

गावोगावचे आकडे गोळा करून प्रश्न तपासण्याची पुण्यात याहून जुनी परंपरा आहे. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी क्षेत्र-पाहण्यांचा पायंडा पाडला, आणि त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला. रोजी २,२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च किती, आणि तेवढाही न जमणारी माणसं किती, असा त्याचा रोख. त्यात गणित साधं आहे. प्रश्न मोठा असला की साधं गणित पुरतं, या गोष्टीचा हल्लीच्या काही विभागांना विसर पडल्यासारखा वाटतो. फळ्यावरची सिद्धता देखणी आणि प्रबंधाचा विषय पोकळ, असंही बघायला मिळतं.

आता व्यवहाराचं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि जेएनयूचा प्रवेश सध्या सीयूईटी-पीजीतून होतो. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था स्वतःची परीक्षा घेतात; ही दुसरी संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये काढली. बऱ्याच ठिकाणी पदवी कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळे वर्गात इंजिनिअर भेटतात. काही संस्था मात्र बारावीला गणित असल्याशिवाय अर्जच घेत नाहीत. महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांत एम.ए.चे पेपर मराठीतून लिहिता येतात. नेट-सेट देऊन प्राध्यापकी किंवा स्पर्धा परीक्षा डोक्यात असेल तर तो रस्ता रास्त आहे. संशोधनात जायचं असेल तर गणिताचा भाग स्वतः भरून काढावा लागेल. भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते; रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातही ती चालते. परदेशी पीएच.डी.चा विचार असेल तर पाचसहा वर्षं धरून चाला. अमेरिकेत चांगल्या विद्यापीठांत फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं, म्हणून चढाओढही तशीच.

निर्णय घ्यायच्या आधी एक करा. स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यातली अर्थशास्त्राची एक घ्या, घड्याळ लावा आणि दोन तास बसा. निम्मे प्रश्न सुटले नाहीत तरी बिघडत नाही, तो सरावाचा भाग आहे. पण न सुटलेला एकही प्रश्न दुसऱ्या दिवशी परत उघडून बघावासा वाटला नाही, तर एमबीएचा फॉर्म भरा.