भटारखान्यात कोण डोकावते?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका शनिवारी रात्री दवाखाना बंद करून जेवायला बसलो, तोच दाराची कडी वाजली. एक शिक्षक आपल्या दोन मुलांना घेऊन आले होते. दोन्ही मुले ओकून ओकून गळून गेली होती. त्यांना सलाइन लावतो न लावतो तोच तिसरा रुग्ण आला आणि पाठोपाठ एक जोडपे. ताप कुणालाच नव्हता, जुलाबही फारसे नव्हते, नुसत्या ओकाऱ्या. काय खाल्ले, असे विचारले की आपल्याकडे पहिले उत्तर ठरलेले असते, "घरचेच, डॉक्टर." दुसऱ्यांदा विचारल्यावर खरे बाहेर आले. पाचही जणांनी संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास एकाच चायनीजच्या गाडीवर फ्राइड राइस खाल्ला होता.

सलाइन संपता संपता शिक्षकांनी मला विचारले, "या लोकांवर सरकारचे काही लक्ष असते की नाही? तपासायला कुणी येतच नाही का?" त्या रात्री मी त्यांना काहीतरी थातूरमातूर सांगितले. प्रश्न रास्त होता, म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी त्या भाताविषयी. कच्च्या तांदळावर 'बॅसिलस सेरिअस' नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते इतके चिवट की भात शिजला तरी मरत नाहीत. दुपारी शिजवलेला भात पातेल्यात झाकून पाच-सहा तास तसाच ठेवला की कोमट, ओलसर भातात त्यांची वाढ होते आणि एक विष तयार होते. संध्याकाळी तो भात धडधडत्या जाळावर परतला तरी विष नष्ट होत नाही. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत ओकाऱ्या सुरू होतात. सर्वसाधारणपणे शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जितका वेळ राहील तितका धोका वाढतो. एक तर ते वाफाळते ठेवावे, नाही तर फ्रिजमध्ये गार ठेवावे. मधली स्थिती जंतूंच्या सोयीची.

आता तपासणीविषयी. पुष्कळ लोकांचा समज असा की हॉटेले तपासणे हे नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचे काम. कचरा, गटारे, नळाचे पाणी यांची जबाबदारी पालिकेची आहेच. पण अन्न सुरक्षेचा कायदा राबवण्याचे काम आपल्या राज्यात अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. जिल्ह्यात त्याचे कार्यालय असते, सहायक आयुक्त असतात आणि त्यांच्या हाताखाली अन्न सुरक्षा अधिकारी. जुन्या मंडळींना १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आठवत असेल. त्याचा सारा रोख भेसळीवर होता. दुधात पाणी, तिखटात विटेची पूड, असली प्रकरणे. पण अस्सल तांदूळ, अस्सल तेल वापरूनही माणूस आजारी पडू शकतो, हे आपण वर पाहिलेच. २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला, तेव्हापासून स्वच्छतेलाही भेसळीइतकेच महत्त्व मिळाले. पाणी कुठले, कच्चे मांस आणि शिजलेले अन्न वेगळे ठेवतात का, कामगार हात कुठे धुतात, तळणीचे तेल किती वेळा वापरतात, हे सारे आता नियमात आहे.

अधिकाऱ्याला भटारखान्यात शिरण्याचा, तपासणी करण्याचा व नमुना घेण्याचा अधिकार आहे. घेतलेल्या नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो आणि त्याने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. अस्वच्छता आढळली तर आधी सुधारणेची नोटीस देतात, तीतही किमान चौदा दिवसांची मुदत असते. त्यानंतरही मालक सुधारला नाही तर परवाना निलंबित होतो, पुढे रद्दही होतो. अस्वच्छ जागेत अन्न तयार करण्याबद्दल एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. कागदावर कायदा मुळीच दुबळा नाही. मात्र हॉटेले, खानावळी, मिठाईची दुकाने, गाड्या, लग्नाचे केटरर एवढा सगळा पसारा आणि तो पाहायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अधिकारी, हे गणित जुळत नाही. मी त्यांना दोष देत नाही.

त्या फ्राइड राइसचे पुढे काय झाले? रविवारी सकाळी मी जिल्हा साथरोग सर्वेक्षण कक्षाला कळवले. सोमवारी अधिकारी गाडीवर पोचले. तोवर पातेले लख्ख घासून पालथे घातलेले होते. नमुना कशाचा घेणार? भात उरलाच नव्हता. पाच जणांपैकी एकाने जरी उरलेले पार्सल फेकून न देता फ्रिजमध्ये ठेवले असते तर काही हाती लागले असते. (ग्राहकाला स्वतः फी भरून पदार्थ तपासून घेण्याचा हक्क कायद्याने दिला आहे आणि दोष निघाल्यास फी परत मिळते. पण तपासून घेण्याचा आपला इरादा विकत घेतानाच दुकानदाराला सांगावा लागतो! म्हणजे ओकारी होणार हे ज्याला आधीच कळले त्याला हे कलम उपयोगी.)

इथवर सरकारचे झाले. आता जरा अवघड भाग, कारण तो माझ्या स्वतःच्या सहीचा आहे.

परवाना असलेल्या हॉटेलात अन्न हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, त्याला विषमज्वर म्हणजे टायफॉइडसारख्या रोगांची लस दिलेली असावी आणि तसे प्रमाणपत्र नोंदणीकृत डॉक्टरने द्यावे, असा नियम आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हॉटेलचे मालक माझ्याकडे सहा कागद घेऊन आले. ओळखीचे गृहस्थ, रोज सकाळी फिरायला बरोबर. "पोरे कामात आहेत, डॉक्टर, नावे लिहून आणली आहेत." मी सह्या केल्या. सहापैकी एकाही पोराला पाहिले नाही. तीन महिन्यांनी त्यांतलाच एक पोऱ्या पंधरा दिवसांचा ताप अंगावर काढून माझ्याकडे आला. टायफॉइड होता. लस मिळालेली नव्हती. पंधरा दिवस तो चटणी वाटत होता, कारण खाडा केला तर पगार कापला जाई. त्याच सुमारास त्या पेठेतले टायफॉइडचे आणखी चार-पाच रुग्ण माझ्याकडे होते. त्यांचा ताप त्या चटणीतून आला की नळाच्या पाण्यातून, हे मला तेव्हा सिद्ध करता आले नाही आणि आजही येणार नाही. कागदावरची सही मात्र माझी होती.

मी नीट तपासले असते तरी सगळे कळले असते असे नाही. टायफॉइडमधून बरे झालेल्या काही जणांच्या पित्ताशयात जंतू वर्षानुवर्षे राहतात. माणूस ठणठणीत दिसतो आणि शौचावाटे जंतू बाहेर पडत राहतात. न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. ती जिथे जिथे कामाला राहिली तिथे टायफॉइड निघाला. १९०७ मध्ये तिचा छडा लागला. तिला स्वतःला आपण आजारी आहोत हे अखेरपर्यंत पटले नाही. अशी माणसे एका तपासणीत सापडतीलच असे नाही. म्हणून साबणाने हात धुण्याला पर्याय नाही. तरीही लस दिली की नाही, नखे कशी आहेत, हाताला खरूज किंवा गळू आहे का, एवढे तर पाच मिनिटांत दिसते. नियमाप्रमाणे संसर्गजन्य आजार असलेल्याला अन्नाला हात लावू द्यायचा नसतो. आजारपणाचा पगार देणाऱ्या मालकाकडे पोरे आजार लपवत नाहीत, हा माझा अनुभव.

वाचकांनी काय करावे? बिलावर चौदा आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक पाहावा. १ जानेवारी २०२२ पासून तो छापणे सक्तीचे आहे. आत हात धुण्याच्या जागी साबण आहे का, हे बाहेरच्या झुंबरापेक्षा महत्त्वाचे. गाडीवरचा कढईतून नुकताच काढलेला वडा मला झाकून ठेवलेल्या बासुंदीपेक्षा सुरक्षित वाटतो. वड्याचे भय नाही, शेजारच्या चटणीचे आहे आणि ज्या बादलीत ताटल्या विसळतात तिचे. तो वडा वर्तमानपत्रात बांधून घेऊ नये, छपाईची शाई अन्नात उतरते. आमचे हे सदर वाचण्यासाठी आहे, तेल टिपण्यासाठी नव्हे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या क्रमांकावर विनाशुल्क करता येते.

आणि आजारी पडलात तर डॉक्टरला काय खाल्ले व किती वाजता खाल्ले, दोन्ही सांगा. तासा-दोन तासांत ओकाऱ्या लागल्या तर बहुधा तयार विष पोटात गेलेले असते. बारा ते छत्तीस तासांनी ताप, जुलाब आणि पोटात मुरडा आला तर जंतूंची शंका येते. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात, कावीळ 'अ'ला दोन ते सहा आठवडे. म्हणजे काविळीचे मूळ शोधताना कालचे जेवण नव्हे, गेल्या महिन्यातले लग्न आठवावे लागते. दरम्यान मीठ-साखर-पाणी किंवा ओआरएस घोट घोट द्यावे. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, मुलांना तर मुळीच नाही. लघवी होईनाशी झाली, शौचावाटे रक्त पडले किंवा मूल पेंगू लागले तर सकाळची वाट पाहू नये.

त्या टायफॉइडच्या पोऱ्यापासून मी एक ठरवले आहे. दुपारी तीन ते पाच हॉटेलात गिऱ्हाईक कमी असते, तेव्हा पोरांना घेऊन या, एकेकाचे हात पाहिल्याखेरीज सही नाही. काही मालकांनी तेव्हापासून डॉक्टर बदलला. जे येतात त्यांतले एक गेल्या आठवड्यात सात पोरे घेऊन आले. एकाच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडे झाले होते, पू धरलेला. ह्या पुवातले जंतू दुधाच्या पदार्थात पडले तर तेही भातासारखेच न उकळणारे, म्हणजे उकळूनही न जाणारे विष तयार करतात. मी म्हटले, "याला आठ दिवस भटारखान्यात नको." मालक म्हणाले, "बरे, पार्सलाच्या पुड्या बांधू दे."

मी म्हटले, तेही नको.