टिचकी मारून पाहावी अशी ताटली

उन्हाळ्यात मुंबईच्या फणसवाडीतल्या घरांत लोणच्याची चिनीमातीची बरणी माळ्यावरून खाली उतरते. वर तपकिरी, खाली पांढरट, तोंडाला दादरा. फ्रान्सची जुनी पांढरी ‘आयर्नस्टोन’ भांडी ही तिची दूरच्या नात्यातली.

इंग्लंडमध्ये चार्ल्स जेम्स मेसनने 1813 मध्ये ‘आयर्नस्टोन चायना’चं पेटंट घेतलं. नाव लोखंडी कणखरपणाचं. भांडं मात्र मातीचंच. फ्रेंच कारखान्यांनी याच वळणाच्या भांड्यांना ‘तेर द फेर’ म्हटलं. 1821 साली सुरू झालेला झियँचा कारखाना, सारगमीन आणि क्रेय-मॉन्तरो ही नावं संग्राहक ताटलीच्या तळाशी शोधतात.

सी. पी. टँक, गोल देऊळ आणि नावातच कुंभार असलेला कुंभारवाडा ओलांडला की फणसवाडीकराला चोरबाजार गाठता येतो. मटण स्ट्रीटवर जुनी विलायती क्रोकरी हाताळायला मिळते. ताटली तळहातावर पेलून कडेला हलकी टिचकी मारावी. खणखणीत वाजली तर अंग शाबूत. बद्द वाजली तर कुठेतरी भेग आहे. मग कडेवरून बोट फिरवावं. बारीक टवका डोळ्याआधी बोटाला लागतो.

खरी गोम झिलईत आहे. बरणीची माती जास्त तापमानात भाजून इतकी घट्ट होते की ती पाणी जवळजवळ पीतच नाही. या ताटल्यांची माती त्या मानाने सच्छिद्र, तिचं रक्षण वरची काचेरी झिलई करते. वर्षानुवर्षांनी झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात आणि त्यांतून चहा, तूप, रस्सा आत मुरतो. पांढऱ्या ताटलीवरचे तपकिरी ढग ते हेच.

हे डाग पाहून ब्लीचची बाटली उघडू नये. ब्लीच मातीत झिरपतं आणि सुकताना त्याचे क्षार झिलईचे पापुद्रे उचकटतात. नक्षी किंवा सोनेरी काठ नसेल, तर ताटली आधी साध्या पाण्यात भिजवून मग 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवतात आणि शेवटी स्वच्छ पाण्यात बुडवून काढतात. मायक्रोवेव्ह, उकळतं पाणी, तारेची घासणी यांपासून ती दूरच बरी.

जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि चिंच, लिंबू, लोणचं यांची आंबट धार ते बाहेर ओढते. त्यामुळे अशी ताटली जेवणापेक्षा मांडणीवर शोभते. मुंबईच्या पावसाळ्यात धुतल्यावर ती दोन-तीन दिवस वाऱ्यावर उभी सुकवावी आणि चळत लावताना प्रत्येक दोन ताटल्यांमध्ये जुन्या धोतराचा मऊ तुकडा घालावा.